याड कितींना लागलं

मराठी गाणं हिट झालं हे नेमकं कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मला पडतो त्याचं कारण माझी नोकरी आहे. माझ्या टीमचं काम मोजण्याचं आहे. लोक ॲपमध्ये कुठे बोट लावतात, किती वेळ थांबतात, कुठून मागे फिरतात, त्या प्रत्येक गोष्टीची एक नोंद आमच्याकडे येते. तिला आम्ही इव्हेंट म्हणतो. सकाळी स्टँडअपला जे वाद होतात ते बहुतेक एवढेच: ही नोंद दोनदा आली का, आलीच नाही का, आणि बोट लावणारा माणूस होता की स्क्रिप्ट. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढून मी मोजणी कारकून झालो, असं आमच्या घरी म्हणतात. ते फारसं चुकीचं नाही.

तर गाणी. हिंदी गाण्यांना मोजणी फार लवकर मिळाली, आणि ती एका मराठी माणसाच्या कृपेने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना, 1952मध्ये, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐका, असा त्यांचा आग्रह. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी गाण्यांना पायदान देत गेले आणि अख्खा देश बुधवारी संध्याकाळी पहिल्या पायदानासाठी थांबू लागला. हे पायदान रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पत्रं यांवर ठरायचं. पद्धत ढोबळ होती, गडबडीला भरपूर वाव होता. पण काहीतरी होतं. आकाशवाणीला शहाणपण आलं ते 1957मध्ये, विविध भारती निघाली तेव्हा.

मराठी गाण्याला असं पायदान कधी मिळालं नाही. 'शुक्रतारा' किती मोठं गाणं, हे आपण कशावरून सांगतो? अरुण दाते कापड गिरण्यांच्या धंद्यातले इंजिनिअर. व्हीजेटीआयमध्ये शिकले, नोकरी करत करत गात राहिले. (आमच्या गिरणगावाने त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.) त्या एका गाण्याच्या नावाने त्यांनी पुढे कार्यक्रम केले, हजारोंनी. कार्यक्रम किती झाले आणि वन्समोअर किती आले, एवढीच मराठी भावगीताची मोजपट्टी. बाकी सगळं 'घराघरांत पोचलं' या दोन शब्दांत. कुठल्या घरात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मला ज्या गाण्याबद्दल लिहायचं आहे ते 2016चं. 'सैराट' 29 एप्रिलला आला, गाणी त्याच्या आधी आली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, परीक्षा तोंडावर होती. चार गाणी. 'झिंगाट'ने सगळं श्रेय खाल्लं, कारण नाचताना फोटो चांगले येतात. पण माझ्या मते मोठं गाणं 'याड लागलं'च. संथ, लांबलचक, आणि गळा लागेपर्यंत व्हायोलिनं चढत जातात ती तुमची परीक्षा बघत. नाचता येत नाही, धड गुणगुणता येत नाही, कारण अजय गोगावलेंची पट्टी आपल्याला झेपत नाही. असं गाणं लोकांनी एवढं डोक्यावर घ्यावं हे विचित्रच आहे.

ती व्हायोलिनं लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर वाजवलेली आहेत. हा पूर्वी एमजीएमचा स्टेज. 'द विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथलं. साठेक वादक, समोर कागद, आणि कागदावर पुणे जिल्ह्यात वाढलेल्या, संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या दोन भावांनी रचलेली सुरावट. वर शब्द कुठले, तर 'वेड' नाही, 'याड'. शाळेत असा उच्चार केला की बाई दुरुस्त करायच्या. आमच्या वर्गात निम्मी मुलं सातारा-कोल्हापूरची, घरी याडच बोलायची आणि शाळेत वेड लिहायची. सिंफनी लागते ती मोठ्या माणसांच्या मोठ्या दुःखाला, अशी आपली समजूत असते. इथे ती करमाळ्याच्या बाजूच्या एका मासे धरणाऱ्या पोराला लागली, आणि जराही विनोदी वाटली नाही. अजय-अतुल यांचं हे धाडस मला त्यांच्या सगळ्या ढोल-ताशांपेक्षा मोठं वाटतं.

आता मोजणी. जिओ अधिकृतपणे सुरू झालं 5 सप्टेंबर 2016ला. त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती, त्यामुळे आमच्या भागात कुणीही ही तारीख विसरत नाही. म्हणजे 'सैराट'चे पहिले चार महिने, खरं याड लागण्याचे दिवस, स्वस्त डेटाच्या आधीचे आहेत. तेव्हा एक जीबी डेटा महिनाभर पुरवायचा असायचा. यूट्यूबवर गाणं परत परत बघणं ही चैन होती. गाणी फिरली ती मेमरी कार्डवरून. कॉटन ग्रीन स्टेशनच्या बाहेर मोबाईल रिपेअरिंगचं एक खोपट होतं, वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. त्या उन्हाळ्यात दुकानदार काय भरू असं विचारायचाच नाही. चार गाणी आधी टाकायचा, मग उरलेल्या जागेत तुमची फर्माईश. गोदामांवर माल उतरवणारे हमाल, टेम्पोवाले, काळाचौकीच्या क्लासला जाणारी पोरं, सगळ्यांची कार्डं तिथली. नंतर एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये ब्लूटूथने. ह्यातली एकही नोंद कुठल्या सर्व्हरवर नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत, सगळा ट्रॅफिक ऑफलाइन गेला.

यूट्यूबवर आज त्या गाण्याखाली जो आकडा दिसतो, तो मोठा आहेच. पण तो प्रामुख्याने नंतरचा आहे; आठवण काढणाऱ्यांचा. आणि त्या आकड्यांचंही काय सांगावं. 2019च्या जुलैमध्ये बादशाहच्या एका गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाले, जाहिरातीचे पैसे मोजून. त्यावर एवढा गदारोळ झाला की सप्टेंबरमध्ये यूट्यूबने आपल्या चार्टमधून जाहिरातीचे व्ह्यूज वगळून टाकले. स्पॉटिफाय तीस सेकंद ऐकलं की एक धरतं. तीस सेकंदांत 'याड लागलं' नुसतं श्वास घेत असतं.

आमच्या भागाला आकड्यांचं हे वेड जुनं आहे, म्हणून थोडं विषयांतर. कॉटन ग्रीन हे नाव ऐकून लोकांना हिरवळ आठवते. हिरवळ कुठेच नाही. कापसाचा बाजार कुलाब्याकडून शिवडीच्या बाजूला हलला तेव्हा नावही सोबत आलं. कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत तेवढी हिरवी आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने इकडे यायचे, आणि त्यांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा लागायचा. 1961मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. मग लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि मटका जन्माला आला. कापूस गेला, आकडा राहिला. ज्या गोष्टीवरून आकडा निघाला ती गोष्ट नसली तरी लोकांचं अडत नाही, हे मी नोकरीला लागण्याआधीच माझ्या पोस्टल पत्त्यावरून शिकायला हवं होतं.

'सैराट' मी भारतमातामध्ये पाहिला. घरातले सगळे गेलो होतो: आई, पप्पा, ताई, मी. झिंगाटला पडद्यासमोर पोरं नाचली, ते सगळीकडेच झालं. मला लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. सिनेमात चारही गाणी पूर्वार्धात आहेत. आर्ची-परश्या पळून हैदराबादला गेले की गाणं नाही. झोपडपट्टी, स्टोव्ह, संशय, भांडण, ह्यातल्या कशालाही कल्व्हर सिटीची व्हायोलिनं नाहीत. आणि शेवटच्या काही मिनिटांत तर संगीतच काय, आवाजच नाही. पोराची पावलं तेवढी उमटतात. नागराज मंजुळेंनी मुद्दाम अशी वाटणी केली असणार. पण ह्याचा एक परिणाम असा झाला की 'सैराट'ची गाणी हिट झाली म्हणजे 'सैराट'चा पूर्वार्ध हिट झाला. मेमरी कार्डवर उत्तरार्ध भरून देता येत नव्हता.

उत्तरार्ध कुठून आला हे माहीत असलेली माणसं आजूबाजूला होती. 28 एप्रिल 2014ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला 17 वर्षांच्या एका दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं होतं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा त्याचा गुन्हा. सिनेमा आला तो त्यानंतर दोन वर्षं आणि एका दिवसाने. 2017च्या नोव्हेंबरात साक्षीदार फिरले आणि आरोपी निर्दोष सुटले. तोवर 'याड लागलं' लग्नाचं गाणं झालेलं होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मे 2016मध्ये आमच्या गावी, पाटण तालुक्यात, चुलतबहिणीचं लग्न होतं. नवरी मांडवात आली ती 'याड लागलं'च्या व्हायोलिनवर. वरात अर्थात झिंगाटवर. थोरल्या काकांनी दोन्हीला पैसे उधळले. रात्री पंगत उठल्यावर पुरुषमंडळी सिनेमावर बोलत बसली. आर्ची सगळ्यांना आवडली होती, 'पोरगी वाघीण हाय' वगैरे. मग काका म्हणाले, "शेवट नको होता तसा दाखवायला. उगं आपली बदनामी." कुणी विचारलं नाही 'आपली' म्हणजे कुणाची. विचारायची गरज नव्हती. आम्ही मराठा. ताई माझ्या शेजारी मोबाईल चार्जिंगला लावून बसली होती, ती उठून आत गेली.

त्याच जूनमध्ये पप्पांनी 'याड लागलं' कॉलर ट्यून लावली. तेव्हा अशी सोय होती की दुसऱ्याला फोन करताना त्याची ट्यून आवडली तर स्टार दाबायचा, ती तुमची व्हायची. पप्पा गोदीत क्लार्क. त्यांनी मुकादमाला फोन केला, ऐकलं, स्टार दाबला. महिन्याला तीसेक रुपये बॅलन्समधून कापले जायचे आणि पप्पा, जे बसऐवजी चालत जातात, त्याबद्दल काही बोलले नाहीत. पुढे आम्ही सगळे जिओवर गेलो तेव्हा ट्यून गेली. पप्पांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग मला म्हणाले, "ते आपलं गाणं लाव की परत." मी लावून दिलं. जिओवर ते फुकट होतं.

2018च्या जुलैमध्ये 'धडक' आला. 'याड लागलं'ची हिंदी 'पहली बार' झाली. चाल तीच, गळाही अजयचाच, फक्त गाव करमाळ्याकडचं जाऊन उदयपूर झालं आणि जात पातळ झाली. त्याच पावसाळ्यात ताईने घरी सांगितलं. मुलगा अभ्युदय नगरचा, तिच्याच बँकेत, दुसऱ्या शाखेत. बौद्ध. ओळख पाच वर्षांची, म्हणजे सिनेमाच्याही आधीची. आईने पहिला प्रश्न विचारला तो "गावाकडे कुणाला माहितीये?" पप्पा काहीच बोलले नाहीत. पप्पा चिडले असते तर बरं झालं असतं असं आम्ही पुढे कितीदा म्हणालो.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली करायचं ठरलं. हिंदू विवाह कायद्याखाली बौद्धही येतात, पण तिथे विधी लागतो, आणि विधी कुणाचा हा प्रश्न दोघांनाही सोडवायचा नव्हता. 1954चा हा कायदा विधी मागत नाही. त्याऐवजी तीस दिवस मागतो. तुमची नोटीस कचेरीत दिसेल अशा जागी लागते, नाव, वय, धंदा, पत्ता. आणि कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. हरकतीची कारणं कायद्यात मोजकी आहेत, आधीचं लग्न, वय, नाती. जात त्यात नाही. पण नोटीस वाचायला कारण लागत नाही. अकराव्या दिवशी गावाहून काकांचा फोन आला. कुणी पाहिलं, कुणी कळवलं, ते आजवर समजलेलं नाही. पंधराव्या दिवशी काका आणि अजून तिघे आमच्या दोन खोल्यांत बसले होते. ताई तेव्हा मैत्रिणीकडे नवी मुंबईत राहायला गेली होती. ते दाजींच्या वहिनीने सुचवलं होतं, शांतपणे, जशी एखादी अनुभवी बाई पावसाळ्यात छत्री घेऊन जा म्हणते तशी. काकांनी पप्पांना विचारलं, "तू काय ठरवलंस?" पप्पा म्हणाले, "मला मुलगी नाही असं समजा." त्यावर काका चहा पिऊन गेले. मला त्या वेळी ते वाक्य भयंकर वाटलं होतं. दाजींचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, त्या खोलीत दुसरं कुठलंही वाक्य बोललं गेलं असतं तर ती माणसं तशी चहा पिऊन गेली नसती.

जानेवारी 2019ला लग्न झालं. साक्षीदार तीन लागतात, त्यातला एक मी.

त्यानंतर ताई दर रविवारी रात्री आठ वाजता पप्पांना फोन करायची. आईशी तिचं वेगळं बोलणं व्हायचं, दुपारी, पप्पा बाहेर असताना. पण रविवारचा फोन पप्पांना. पप्पा उचलायचे नाहीत, कापायचेही नाहीत. फोन शोकेसवर ठेवलेला असायचा, व्हायब्रेट होत सरकायचा, आणि पप्पा टीव्ही बघत राहायचे. आम्हाला ती घरघर ऐकू यायची. पलीकडे ताईला 'याड लागलं' ऐकू यायचं. रिंग आपोआप तुटेपर्यंत ती थांबायची. चाळीसेक सेकंद. गाण्याचा एकच तुकडा, धृपदाचा, तोच परत.

मार्च 2020पर्यंत असे साठेक रविवार झाले. सवयीने मी हिशेब केलाय: साधारण चाळीस मिनिटं. पाच मिनिटांचं गाणं आठ वेळा ऐकल्यासारखं, आणि त्यातही पुढे कधीच न सरकता. कुठल्याशा टेलिकॉम कंपनीच्या नोंदीत हे साठ कॉल 'नो आन्सर' म्हणून असतील. आणि ट्यूनच्या हिशेबात पप्पा एक सक्रिय ग्राहक, गाणं लोकप्रिय असल्याचा एक पुरावा. दोन्ही नोंदी बरोबरच आहेत. माझ्यासमोर अशी नोंद आली असती तर मीही ती तशीच पुढे पाठवली असती.

मार्च 2020मध्ये सरकारने सगळ्यांच्या कॉलर ट्यूनवर खोकला आणला. आधी कुणीतरी खोकायचं, मग कोरोनापासून कसं वाचायचं ते सांगायचं. लॉकडाऊनच्या दुसऱ्या रविवारी ताईने फोन केला, आणि गाण्याच्या जागी खोकला. ती म्हणते, त्या दिवशी पहिल्यांदा तिला भीती वाटली. पप्पांना दमा आहे. पप्पांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी समोर होतो आणि एवढंच पाहिलं की फोन शोकेसच्या कडेपर्यंत सरकत आला आणि त्यांनी उठून तो उचलला. "पीठ-बिठ आहे का घरात?" असं विचारलं. मग गॅसचं विचारलं. दोन मिनिटं सोळा सेकंद. हे मी नंतर कॉल लॉगमध्ये पाहिलं.

तेव्हापासून ते बोलतात. रविवारी, आठला, भाजीचे भाव, इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचं काय झालं, आईच्या गोळ्या. ताई आता उलव्याला राहते. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. पप्पा व्हिडिओ कॉलवर नातीला बघतात, मागे दाजी दिसले की फोन आईकडे देतात. मी पप्पांसमोर पहिल्यांदा 'दाजी' म्हणालो तेव्हा ते उठून गॅलरीत गेले होते. आता जात नाहीत. घरी मात्र ते दोघं आलेले नाहीत. गणपतीला चिंतामणीच्या आगमनाला ताई मुलीला घेऊन चिंचपोकळीपर्यंत येते, आई तिथे जाते, मी जातो. बेंजोवाले 'याड लागलं' वाजवतात, दुप्पट वेगात, आणि त्या वेगात त्याच्यावर चक्क नाचता येतं.

खोकला बंद झाल्यावर पप्पांची जुनी ट्यून आपोआप परत आली. ती अजून तीच आहे. गेल्या महिन्यात आमच्या खोलीच्या कागदांत काहीतरी अडलं आणि त्यातलं दाजींना कळतं, म्हणून आईने त्यांना सांगितलं की तुम्हीच एकदा ह्यांच्याशी बोला. दाजींनी आपल्या नंबरवरून पप्पांना फोन केला. लग्नानंतरचा पहिलाच. पप्पांनी उचलला नाही. मी रात्री दाजींना विचारलं, काय झालं.

"पूर्ण ऐकलं," दाजी म्हणाले. "आता रविवारी परत करतो."